अंगणातली वेधशाळा: हिंगोलीच्या शिवारात घरगुती बिनतारी हवामान केंद्र

हिंगोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि महसूल मंडळे सुमारे ३०. म्हणजे एका मंडळाच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर जमीन येते. पाऊस मोजण्याच्या प्रमाणित साध्या पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटिमीटरचे, म्हणजे जेवणाच्या ताटाहूनही लहान. असे एक भांडे एका मंडळासाठी ठेवले, तर मोजलेल्या एका भागामागे न मोजलेले साडेसातशे कोटी भाग उरतात. या एका आकड्यावरून पाऊस मोजणे किती अवघड आहे, हे ध्यानात यावे.

वळवाच्या ढगाचा एक पुंजका जेमतेम काही किलोमीटर रुंद असतो. सेनगाव तालुक्यातल्या एका शिवारात ओढे भरून वाहतात आणि शेजारच्या शिवारात ढेकूळही भिजत नाही, असा अनुभव दरवर्षीचा आहे. २०२२ च्या जुलैत वसमत तालुक्यातल्या कुरुंदा गावात पुराचे पाणी घराघरांत शिरले. अशा वेळी पाऊस किती झाला, किती वेळात झाला आणि नेमका कुठे झाला, हे तीन प्रश्न सर्वांत आधी उभे राहतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की शासनदरबारी मंडळात अतिवृष्टी धरली जाते आणि पंचनाम्यांची चाके फिरू लागतात. एवढे ज्या आकड्यावर अवलंबून आहे, तो आकडा आपल्या अंगणापुरता स्वतः मोजता येणे ही आज सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातली गोष्ट झाली आहे. घरगुती बिनतारी हवामान केंद्र हे त्याचे साधन.

अश्मक देशाचा पाऊस

या भूमीला पाऊस मोजण्याची ओळख फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, कोठारापाशी एक अरत्नी, म्हणजे साधारण हातभर, रुंद तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे. पुढे सीताध्यक्षाची, म्हणजे शेती पाहणाऱ्या अधिकाऱ्याची कामे सांगताना वेगवेगळ्या प्रदेशांत किती द्रोण पाऊस होतो याची यादीच दिली आहे. त्या यादीत अवंती आहे, अपरान्त म्हणजे कोकण आहे आणि अश्मकही आहे. अश्मक म्हणजे गोदावरीच्या मधल्या खोऱ्यातला देश. आजचे नांदेड आणि निजामाबाद त्याच पट्ट्यात येतात, आणि हिंगोली त्या पट्ट्याला लागूनच आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भागाच्या पावसाचा आकडा राज्यकारभाराच्या ग्रंथात लिहिला गेला होता आणि तो पेरणीच्या नियोजनाशी जोडलेला होता.

आधुनिक काळात भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मध्ये झाली. १९२८ मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले, आणि पुढे मुख्यालय दिल्लीला गेल्यावरही उपकरणांचे मोठे काम पुण्यातच राहिले. स्वातंत्र्यानंतर साधी साधी उपकरणेसुद्धा परदेशातून आणावी लागत. १९४८ मध्ये पुण्यात रुजू झालेल्या भौतिकशास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांनी हे परावलंबन संपवण्याचा ध्यास घेतला. जवळपास शंभर हवामान उपकरणांची प्रमाणित रेखाचित्रे तयार करून त्यांनी ती देशात बनवण्याचा मार्ग मोकळा केला. मोजमाप चुकीचे असण्यापेक्षा ते नसलेले बरे, अशी त्यांची कडक शिस्त होती. घरी केंद्र बसवणाऱ्या प्रत्येकाने हीच शिस्त पाळायची आहे.

महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘महावेध’ प्रकल्प सुरू केला. स्कायमेट कंपनीच्या सहकार्याने राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि दिशा या पाच गोष्टी ती नोंदवतात. केंद्र शासनाच्या ‘विंड्स’ योजनेत त्याहीपुढे जाऊन ग्रामपंचायत पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवण्याची कल्पना आहे. घरगुती केंद्र या साखळीची जागा घेत नाही. पीकविम्यासाठी किंवा नुकसानभरपाईसाठी अधिकृत केंद्राचीच नोंद ग्राह्य धरतात. दोन अधिकृत केंद्रांच्या मधल्या न मोजलेल्या जागेत मात्र घरचे केंद्र उजेड पाडते.

खांबावरचे पाच शोध

बिनतारी केंद्राचे दोन भाग असतात. उघड्यावर खांबाला लावलेला संवेदकांचा संच, आणि घरात भिंतीवर किंवा टेबलावर ठेवलेला पडदा. बाहेरचा संच दर काही सेकंदांनी रेडिओ लहरींवरून आकडे पाठवतो आणि आतला पडदा ते दाखवतो, साठवतो आणि वायफाय असेल तर इंटरनेटवरही चढवतो. त्या खांबावरची एकेक वस्तू मानवी बुद्धीच्या इतिहासातला एकेक टप्पा आहे.

पाऊस मोजण्यासाठी आत एक चिमुकला झुला असतो. त्याला दोन कप्पे असतात. नरसाळ्यातून आलेल्या पाण्याने एक कप्पा भरला की झुला कलंडतो, पाणी सांडते आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो. झुल्याला लावलेले चुंबक प्रत्येक वेळी एका कळीजवळून जाते आणि एक मोजणी होते. बहुतेक यंत्रांत एक कलंडणे म्हणजे ०.२ किंवा ०.३ मिलिमीटर पाऊस. ही युक्ती सतराव्या शतकातली आहे. लंडनचे सेंट पॉल कॅथेड्रल उभारणाऱ्या क्रिस्टोफर रेन यांनी १६६० च्या दशकात कलंडणाऱ्या भांड्याचा पर्जन्यमापक रचला होता.

वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेचे थॉमस रॉम्नी रॉबिन्सन यांनी १८४६ मध्ये प्रचारात आणल्या. त्यांच्या यंत्राला चार वाट्या होत्या, आज तीन असतात. वाटीच्या खोलगट बाजूवर वाऱ्याचा जोर जास्त बसतो आणि फुगीर बाजूवर कमी, एवढ्या एका फरकावर हे चक्र फिरते.

तापमापकाभोवतीच्या एकावर एक पांढऱ्या ताटल्यांचा वंश आहे तो स्टीव्हन्सन पेटीचा. दीपगृहे बांधणारे स्कॉटिश अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८६० च्या दशकात झडपांची पांढरी लाकडी पेटी सुचवली. ऊन अडावे, पाऊस अडावा, वारा मात्र खेळता राहावा, ही तिची रचना. तापमापकाला उन्हाचे तापमान मोजायचे नसते, हवेचे मोजायचे असते. ताटल्यांच्या आत आर्द्रतेचा संवेदकही असतो. दोन विद्युत पट्ट्यांमध्ये बहुवारिकाचा अत्यंत पातळ थर असतो. तो हवेतली वाफ शोषतो आणि सोडतो, त्याबरोबर त्याची विद्युत धारकता बदलते आणि तिच्यावरून टक्केवारी कळते.

पाचवे उपकरण खांबावर नसते, ते घरातल्या पडद्याच्या पोटात असते. तो वायुभारमापक. घरातल्या आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखाच असल्यामुळे त्याला बाहेर ठेवण्याची गरज नाही. तोरिचेल्लीने १६४३ मध्ये पाऱ्याच्या मीटरभर नळीने जे केले, ते आज सिलिकॉनच्या डाळीएवढ्या चकतीवर होते. चकतीचा पातळ पडदा हवेच्या भाराने किंचित वाकतो आणि त्याचा विद्युत रोध बदलतो. ही चकती इतकी संवेदनशील असते की खालच्या मजल्यावरून गच्चीत गेल्यावर झालेला दाबाचा फरकही तिला कळतो.

विकत घेताना आणि उभे करताना

परदेशी बनावटीचे केंद्र घेताना त्याची रेडिओ लहर आधी विचारावी. अमेरिकेसाठी बनवलेली यंत्रे ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि आपल्याकडे त्याला अगदी लागून मोबाइल सेवेचा पट्टा आहे. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना विनापरवाना खुला आहे. पडद्याला वायफायची जोड असेल, तर बहुतेक यंत्रांना २.४ गिगाहर्ट्झचेच जाळे चालते. मोकळ्यात शंभर मीटरचा पल्ला सांगितला असला, तरी काँक्रीटच्या भिंती आणि पत्र्याचे छत तो झपाट्याने कमी करतात. म्हणून खांब पक्का रोवण्यापूर्वी एक-दोन दिवस संच त्या जागी नुसता ठेवून आकडे नीट येतात का, ते पाहावे.

यंत्र कितीही महाग असले तरी जागा चुकली की आकडा चुकतो. एप्रिल-मे महिन्यांत हिंगोलीत पारा ४२ अंशांपलीकडे जातो, तेव्हा सिमेंटची गच्ची आणि पत्रा भट्टीसारखे तापतात. त्यांच्यावर दोन-तीन फुटांवर लावलेला तापमापक गच्चीचे तापमान सांगतो, गावाचे नाही. जागतिक हवामान संघटनेचे प्रमाण असे आहे: तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, मोकळ्या मातीवर किंवा गवतावर असावा. वारा मात्र दहा मीटर उंचीवर मोजावा. आपल्याकडे साध्या पर्जन्यमापकाचे तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच ठेवतात, कारण भांडे जितके उंच तितका वारा थेंबांना तोंडावरून उडवून नेतो आणि पाऊस कमी भरतो. झाड, भिंत किंवा पाण्याची टाकी यांच्यापासून पर्जन्यमापक त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर असावा.

एकाच खांबावर सगळे बसवलेल्या यंत्रात उंचीच्या या तीन अटी एकत्र पाळता येत नाहीत. शेतात राहणाऱ्याला यातून सोपी वाट आहे. मोकळ्या वावरात दोन मीटर उंचीच्या खांबावर संच लावावा. तापमान, आर्द्रता आणि पाऊस बऱ्यापैकी खरे येतील. वारा वेधशाळेपेक्षा कमी दिसेल, एवढे लक्षात ठेवले की झाले. संवेदक वेगळे काढता येणारे यंत्र असेल, तर वाऱ्याच्या वाट्या गच्चीच्या खांबावर आणि तापमापक अंगणात, ही मांडणी उत्तम.

खांब ओळंब्यात हवा. संचावरच्या पाणपातळीचा बुडबुडा मधोमध आला पाहिजे, नाहीतर झुला एका बाजूला जड होतो. दिशादर्शक उत्तरेला लावण्यासाठी आपल्या भागात साधे होकायंत्र पुरते, कारण चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक इथे नगण्य आहे. खात्री हवी असेल, तर रात्री ध्रुवतारा पाहावा. हिंगोलीचे अक्षांश साधारण १९.७ अंश, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून सुमारे तेवढ्याच उंचीवर दिसतो. वाऱ्याची दिशा म्हणजे तो ज्या बाजूकडून येतो ती बाजू. पावसाळ्यात बाण पश्चिम आणि नैर्ऋत्येकडे वळलेला दिसेल, हिवाळ्यात ईशान्येकडे.

उंच खांब म्हणजे विजेला आमंत्रण. धातूच्या खांबाला चांगले अर्थिंग द्यावे आणि गडगडाट ऐकू येत असताना गच्चीत खांबाजवळ मुळीच जाऊ नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजेची सूचना देते. ते फोनमध्ये असावेच.

शेवटचे काम पर्जन्यमापक तपासण्याचे. नरसाळ्याचा व्यास १६ सेंटिमीटर असेल, तर तोंडाचे क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे २०१ मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. औषधाच्या मापाने तेवढे पाणी घ्यावे आणि अर्ध्या तासात थेंबाथेंबाने सोडावे. ०.२ मिलिमीटरच्या झुल्याने ५० वेळा कलंडले पाहिजे. पडद्यावर ९ किंवा ११ मिलिमीटर आले, तर दुरुस्तीचा गुणक भरण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. मुसळधार पावसात झुला कलंडत असतानाच काही पाणी वाया जाते आणि आकडा काही टक्क्यांनी कमी येतो. म्हणून शेजारी काही शे रुपयांचा साधा मोजपात्राचा पर्जन्यमापकही ठेवावा. यंत्र पावसाची वेळ आणि वेग सांगते, साधे भांडे एकूण पावसाची ग्वाही देते.

हवेची भरती-ओहोटी

पहिल्याच आठवड्यात या यंत्रातून जो चमत्कार दिसतो, तो पुस्तकात वाचूनही खरा वाटत नाही. निरभ्र हवेत वायुभाराचा आलेख काढला, तर तो दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास शिखर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास तळ. हिंगोलीचा सूर्य भारतीय प्रमाणवेळेपेक्षा सुमारे एकवीस मिनिटे मागे चालतो, म्हणून घड्याळात या वेळा थोड्या पुढे सरकलेल्या दिसतील. ही वातावरणाची भरती-ओहोटी आहे. समुद्राची भरती प्रामुख्याने चंद्राच्या ओढीने येते. हवेची ही भरती मात्र सूर्याच्या उष्णतेने येते: वरच्या थरातला ओझोन आणि खालची वाफ ऊन शोषतात, हवा तापते, फुगते आणि साऱ्या पृथ्वीभोवती एक लाट फिरत राहते. उष्ण कटिबंधात ती सर्वांत ठळक असते, शिखर ते तळ दोन-तीन हेक्टोपास्कल. युरोपात वादळांच्या मोठ्या चढउतारांत ती बुडून जाते. हिंगोलीच्या अंगणात ती रोज दिसते.

यातूनच एक व्यावहारिक सूचना निघते. अनेक पडद्यांवर ढग, ऊन, पाऊस अशी चित्रे उमटतात. दाब उतरला की पावसाचे चित्र, चढला की उन्हाचे. हा ठोकताळा समशीतोष्ण देशांतल्या वादळांवर बेतलेला आहे. आपल्याकडे दुपारी चारला दाब नेमाने उतरतो, म्हणून ते चित्र कोरड्या मार्चमध्येही पाऊस दाखवू शकते. अंदाजासाठी हवामान विभाग आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला पाहावा. आपल्या यंत्राचे काम आता काय आहे आणि काय होऊन गेले, हे खरे खरे सांगण्याचे.

वायुभार लावताना आणखी एक गोष्ट. हिंगोली शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथला प्रत्यक्ष दाब ९६० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. वर्तमानपत्रात दिसणारा हजाराच्या पुढचा आकडा समुद्रसपाटीवर आणलेला असतो. यंत्रात दोन्ही दिसतात. जवळच्या वेधशाळेच्या आकड्याशी एकदा जुळवून घेतले की ते काम संपते.

या इवल्याशा चकतीची ताकद १५ जानेवारी २०२२ ला जगाने पाहिली. प्रशांत महासागरात टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला आणि त्याची दाबाची लाट साऱ्या पृथ्वीभर पसरली. हिंगोलीपासून ती जागा सुमारे साडेबारा हजार किलोमीटर दूर. तरी त्याच रात्री भारतातल्या वायुभारमापकांवर ती उसळी उमटली, आणि जगभरातल्या हजारो घरगुती केंद्रांच्या आलेखांत तिचा प्रवास शास्त्रज्ञांना शोधता आला. १८८३ मध्ये क्राकातोआ फुटला तेव्हा अशी लाट मोजक्या वेधशाळांनीच टिपली होती.

सकाळी साडेआठला बदलणारा दिवस

घरचा आकडा आणि मंडळाचा आकडा जुळत नाही, याचे एक कारण अगदी साधे आहे. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. घरगुती यंत्राचा दिवस मध्यरात्री बाराला बदलतो. समजा रात्री दहा ते पहाटे तीनपर्यंत ७० मिलिमीटर पाऊस झाला. घरच्या पडद्यावर तो ३० आणि ४० असा दोन तारखांत वाटला जाईल. सरकारी नोंदीत तो एकाच दिवसात ७० धरला जाईल आणि अतिवृष्टीची रेषा ओलांडेल. काही यंत्रांत पावसाचा दिवस बदलण्याची वेळ निवडता येते, ती सकाळच्या जवळपास आणावी. सोय नसेल, तर रोज साडेआठला आकडा वहीत उतरवावा.

आकड्याचा अर्थही कळावा लागतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणून ६५ मिलिमीटर पावसात एका एकरावर दोन लाख त्रेसष्ट हजार लिटर पाणी पडते. ते सहा तासांत झडीने पडले, तर जमीन त्यातले बरेच पिऊन घेते. तासाभरात कोसळले, तर मातीसह कयाधू नदी गाठते. दिवसाच्या एकूण आकड्यात हा फरक लपतो. यंत्राने नोंदवलेल्या तासागणिक वेगात तो उघडा पडतो, आणि शेततळे किती मोठे करायचे, बांध किती उंच घालायचा हे त्यावरून ठरवता येते.

पेरणी, फवारणी आणि हळद

हिंगोली हा सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस आणि हळद यांचा जिल्हा. जून ते सप्टेंबरमध्ये आठशे मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसावर इथली बहुतेक जमीन चालते. मृगाचा पहिला शिडकावा झाला की घाई होते, आणि पावसाने दडी मारली की दुबार पेरणीचे संकट येते. म्हणून कृषी विभाग आणि विद्यापीठ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणीचा सल्ला देतात. हा पाऊस तालुक्याचा किंवा मंडळाचा असून चालत नाही, आपल्याच वावरात तो झालेला असावा लागतो. पेरायचे की थांबायचे, याचे उत्तर घरच्या पर्जन्यमापकाइतके नेमके दुसरे कोणी देत नाही.

फवारणीसाठी वारा आणि आर्द्रता पाहावी. वारा तासाला तीन किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर बारीक तुषार हवेत तरंगत राहतात, पंधराच्या वर गेला की शेजाऱ्याच्या पिकावर जातात. ऑस्ट्रेलियातले शेतकरी आणखी एक माप वापरतात: कोरड्या आणि ओल्या तापमापकातला फरक. तो दोन ते आठ अंशांदरम्यान असावा. ऑक्टोबरच्या दुपारी ३४ अंश तापमान आणि ४० टक्के आर्द्रता असेल, तर हा फरक दहाच्या वर जातो आणि औषधाचा थेंब पानावर पोहोचण्याआधीच सुकू लागतो. त्याच दिवशी सकाळी सात वाजता फरक योग्य मर्यादेत असू शकतो. पडद्यावरचे दोन आकडे पाहून फवारणी सकाळी करायची की संध्याकाळी, हे ठरते. औषध आणि पैसा दोन्ही वाचतात.

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. शेतातून काढलेली हळद शिजवून दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात, आणि हे काम फेब्रुवारी ते एप्रिलच्या काळात चालते. त्याच काळात मराठवाड्यावर अवकाळी पाऊस आणि गारपीट येते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट अजून कोणी विसरलेले नाही. वाळत घातलेल्या हळदीला रात्रीची दमट हवाही बाधते, ती पुन्हा ओल धरते. हवेचे तापमान दवबिंदूच्या जवळ सरकू लागले, आर्द्रता चढू लागली की ताडपत्री टाकण्याची वेळ झाली. बहुतेक यंत्रांत इशाऱ्याची घंटी लावता येते. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की ती वाजेल अशी बसवली, तर रात्री उठून आभाळ पाहत बसावे लागत नाही. पावसाळ्यात हेच आकडे उभ्या पिकाच्या कामी येतात. पाने सलग किती तास ओली राहिली यावर करप्यासारख्या बुरशीजन्य रोगांची वाढ अवलंबून असते, आणि आर्द्रता नव्वदच्या वर राहिलेले तास मोजले की त्याचा चांगला अंदाज येतो.

वळीव येतो तेव्हा

मे महिन्यात दुपारनंतर वळवाचा ढग जवळ येतो, तेव्हा पडद्यासमोर अर्धा तास बसून पाहावे. ढगात पावसाचे पाणी खाली येताना काही थेंब वाटेतच वाफ होऊन उडून जातात आणि तिथली हवा थंड, जड होते. ती हवा ढगाखाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. पाऊस पडण्याआधी अंगावर येणारा गार, धुळीचा वारा तो हाच. यंत्रावर आधी वाऱ्याचा बाण गर्रकन फिरतो, मग वेग उसळतो. पाठोपाठ तापमान काही मिनिटांत आठ-दहा अंशांनी खाली येते, आर्द्रता चढते आणि वायुभार एकदम एक-दोन हेक्टोपास्कलने वर उडी मारतो. झुला पहिल्यांदा कलंडतो तो यानंतर. पाचही संवेदक एकच घटना आपापल्या परीने टिपत असतात. शाळेतल्या मुलांना हा क्रम एकदा दाखवला, तर त्यांना हवामानशास्त्राचा पाया आयुष्यभरासाठी कळेल.

एका अंगणाकडून अनेक अंगणांकडे

अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या फोर्ट कॉलिन्स शहरात २८ जुलै १९९७ ला महापूर आला. शहराच्या एका भागात अडीचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता, काही किलोमीटरवरच्या दुसऱ्या भागात पन्नासही नव्हता. पाच माणसे दगावली. मोजणारी भांडी कमी पडली, हे तिथल्या हवामानतज्ज्ञांच्या ध्यानात आले. पुढच्याच वर्षी त्यांनी साध्या प्लास्टिकच्या पर्जन्यमापकांवर नागरिकांचे जाळे सुरू केले आणि ते देशभर पसरले. ब्रिटनच्या हवामान विभागाने २०११ मध्ये घरगुती केंद्रांचे आकडे एकत्र करणारे संकेतस्थळ सुरू केले. आपल्याकडे अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे गाव पडलेला पाऊस मोजते, त्यावर पाण्याचा ताळेबंद मांडते आणि कोणते पीक घ्यायचे ते ग्रामसभेत ठरवते. त्या निर्णयाचा पाया गावातच ठेवलेले पर्जन्यमापक आहेत.

हिंगोलीत तर मोजमापाचा सर्वांत मोठा प्रकल्प येतो आहे. औंढा नागनाथ तालुक्यातल्या दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंमधला, प्रोटॉनच्या व्यासाच्या हजारांशापेक्षाही सूक्ष्म असा बदल ती मोजणार आहे. अमेरिकेतल्या अशाच दोन वेधशाळांच्या आवारात भूकंपमापकांबरोबर हवामान केंद्रेही आहेत, कारण वाऱ्याने इमारत किंचित हलली तरी त्याचा हिशेब वजा करावा लागतो. कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या कृष्णविवरांचा आवाज ऐकण्यासाठीही आधी दाराशी वाहणारा वारा मोजावा लागतो. ज्या जिल्ह्यात हे होणार आहे, तिथल्या मुलांनी आपला वारा आणि आपला पाऊस आधीपासून मोजायला घ्यावा, यासारखी दुसरी तयारी नाही.

हवामानशास्त्रात एखाद्या जागेची सरासरी ठरवण्यासाठी तीस वर्षांच्या नोंदी लागतात. सध्या १९९१ ते २०२० चा काळ धरतात. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, म्हणजे जिल्हा म्हणून त्याची तीस वर्षे २०२९ मध्ये भरतील. घरच्या केंद्राला पहिल्या वर्षी कुतूहलाचे मोल असते. पाच वर्षांनी आपल्या शिवाराची पेरणीची खरी तारीख दिसू लागते, आणि दहा वर्षांनी पावसाच्या उघडिपी कुठे लांबत चालल्या आहेत ते कळते. त्यासाठी तीन गोष्टी पुरेत. मृगापूर्वी नरसाळ्यातला पाला, माती आणि कोळ्यांची जाळी काढून टाकावी. बॅटऱ्या कडक उन्हाळ्यानंतर तपासाव्यात. आणि पाऊस नसलेल्या दिवशीही वहीत शून्य लिहावे, कारण शून्य हीसुद्धा नोंद आहे आणि रिकामी ओळ ही नोंद नव्हे. गावात पाच घरांनी आणि एका जिल्हा परिषद शाळेने हे इमानाने केले, तर त्या गावाला आपल्या पावसाबद्दल दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.